आंबोलीला जाताय? मग सड्यावर गाडी घालू नका

जून उजाडला की माझ्या फोनवर एकच मेसेज फिरून फिरून येतो, "अगं तुझं माहेर सावंतवाडीचं ना, आंबोलीचा धबधबा सुरू झाला का?" दरवर्षी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देते, या वेळी म्हटलं सगळ्यांना एकदमच सांगू, कारण मला नुसतं "हो, सुरू झाला" एवढं सांगून थांबायचं नाहीये.

धबधबा सुरू झाला की जा, जरूर जा. घाटरस्त्याला लागूनच आहे, पायऱ्या आहेत, पोरांना भिजायला मजा येते, समोर गरम कणीस आणि भजी मिळतात. पण बहुतेक लोक तिथंच भिजतात, फोटो काढतात आणि गाडी वळवून गोव्याला नाहीतर बेळगावला निघतात आणि म्हणतात आंबोली झाली. अहो, आंबोली तर तिथून वर सुरू होते! समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर घाटमाथ्याची कड, वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्या पावसावर जगणारे असे जीव जे जगात दुसरीकडे जवळजवळ कुठेच नाहीत. मला बोलायचंय ते या जिवांबद्दल.

आधी सडा म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींना तो मोकळा माळ वाटतो. वर जांभ्या दगडाचा सपाट कातळ, झाड जवळजवळ नाही, उन्हाळ्यात पाय भाजतील असा तापलेला. बघणाऱ्याला वाटतं पडीक जागा आहे, इथे काय असणार, मग गाडी सरळ आत घातली जाते, दारं उघडून गाणी लावली जातात, कुणी गाडी गोल गोल फिरवून रील काढतं. पण पहिला मोठा पाऊस झाला की याच कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं. काही खळगे आपल्या तळहाताएवढे, काही परातीएवढे, बोटभर-दोन बोटं खोल. आणि त्या पाण्यात आंबोली टोड नावाचा छोटा बेडूक अंडी घालतो. जेमतेम इंच-दीड इंचाचा असेल, अंगावर खडबडीत पुटकुळ्या, कडेला वाघासारखे पिवळसर पट्टे आणि त्यावरूनच शास्त्रज्ञांनी त्याला टायग्रिना म्हटलंय. 2009 साली त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत तो सगळ्यात वरच्या, म्हणजे नष्ट होण्याच्या अगदी कडेला असलेल्या गटात आहे. आंबोली आणि आसपासचा थोडासा भाग, एवढंच त्याचं जग.

खाली बसून बघितल्याशिवाय हे कळत नाही. उभ्याने बघितलंत तर गढूळ पाण्याचं डबकं दिसेल. उकिडवं बसा, पाणी स्थिर होऊ द्या, मग तळाशी दगडाच्याच रंगाची बारीक पिल्लं हलताना दिसतात, कातळावरचं शेवाळ खरवडून खात असतात. काठाला एखादं शेपूट अजून पुरतं न गेलेलं, पण चार पाय फुटलेलं पिल्लू असतं, नखाएवढं. मध्ये पावसाने उघडीप दिली तर खळगा आटतो आणि सगळी मरतात, म्हणजे निसर्गानेच त्यांना जेमतेम वेळ दिलेला आहे, आणि त्यात आपला एक टायर त्या खळग्यातून गेला तर एका मादीची त्या वर्षाची सगळी वीण संपली. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो हे मला मान्य आहे, पण परिणाम तोच होतो ना. रस्त्यावर चिरडून मरणाऱ्या बेडकांचं तर विचारूच नका, रात्री धुक्यात पाऊस पडत असताना ते रस्त्यावर येतात आणि आपण हॉटेल गाठायच्या घाईत असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जून ते सप्टेंबर सड्यावर एकही गाडी जाऊ नये. रस्त्याकडेला लावा आणि चालत जा, दहा-पंधरा मिनिटांचं चालणं कुणाला जड नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना रस्त्यावरूनच दरी दाखवा, ती तिथूनही छान दिसते.

आता झऱ्याकडे येते. हिरण्यकेशीचं देऊळ माहितीच असेल बऱ्याच जणांना. डोंगराच्या पोटात गुहा, गुहेतून पाणी येतं, बाहेर कुंडात पडतं आणि तिथून हिरण्यकेशी नदी सुरू होते. मला लहानपणापासून या गोष्टीचं फार अप्रूप आहे की अरबी समुद्र इथून इतका जवळ, कडेवरून वाहणारं पाणी खाली कोकणात उतरून तिकडेच जातं, पण हे पाणी मात्र पाठ फिरवून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळतं, तिथून कृष्णेत आणि मग थेट बंगालच्या उपसागरात. आमची आजी तिथे गेलो की पहिलं बजावायची, "थंय साबण लावायचो नाय हां." तिला माशांच्या जातीबितीचं काही ठाऊक नव्हतं, पाणी देवाचं आहे एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं पुरलं.

कारण 2020 साली त्याच कुंडातल्या पाण्यातून एका नवीन माशाची नोंद झाली. जे. प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि एस. बालसुब्रमण्यम या तिघांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं शिस्टुरा हिरण्यकेशी. बोटाच्या दोन पेरांएवढा छोटासा मासा, तळाशी दगडगोट्यांच्या आधाराने राहणारा, त्याला स्वच्छ आणि वाहतं पाणी लागतं. पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, राज्य सरकारने तिथलं 2.11 हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. एका बोटभर माशासाठी सरकारी अधिसूचना निघाली याचा मला आजही मनापासून आनंद वाटतो, कारण वाघ, हत्ती यांच्यासाठी बोलणारे खूप असतात.

पण 2.11 हेक्टर जाहीर करून झरा वाचतो का? इथे मला जरा सविस्तर बोलायचंय. झऱ्याचं पाणी काही त्या गुहेत तयार होत नाही. पावसाचं पाणी वरच्या सच्छिद्र जांभ्यात, जंगलातल्या पालापाचोळ्यात मुरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि जिथे डोंगराला फट मिळेल तिथे बाहेर येतं. म्हणजे झरा बघायला आपण कुंडापाशी जातो खरे, पण तो टिकतो डोक्यावरच्या सड्यामुळे आणि रानामुळे. तिथे तुम्ही रिसॉर्टसाठी जमीन सपाट केली, सिमेंटचं पार्किंग केलं, पेव्हर ब्लॉक घातले की पाणी मुरायचं थांबतं आणि सरळ वाहून जातं, पावसात पूर आणि एप्रिलमध्ये ठणठणाट. 7000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर लागावा यापेक्षा मोठं दुर्दैव काय असेल सांगा, आणि घाटमाथ्यावरच्या कितीतरी गावांत हे होतंय.

आणि त्यात आपल्याकडे 'सुशोभीकरण' नावाचा एक प्रकार आहे. झरा दिसला की त्याला फरशी, रेलिंग, रंगीत लाइट, सेल्फी पॉइंट. निधी येतो तो खर्च करायचा असतो, आणि खर्च दिसला पाहिजे म्हणून सिमेंट. माझा याला ठाम विरोध आहे. देवळात जाणारी वाट बरी करा, बायकांसाठी स्वच्छ संडास बांधा (खरंच बांधा, त्याची फार गरज आहे), कचऱ्याची सोय करा, पण पाण्याच्या काठाला आणि तळाला हात लावू नका. दगडगोटे काढून तळ गुळगुळीत केला तर तळाला राहणारा मासा जाणार कुठे? आणि भाविकांनाही हात जोडून सांगणं आहे, नारळ-फुलं देवाला वाहा, पाण्यात टाकू नका, निर्माल्य बाहेर ठेवा. घरच्या फिशटँकमधले मासे आणून "इथे सुखाने राहतील" म्हणून कुंडात सोडणं तर बिलकुल नको, बाहेरचा मासा अशा लहान पाण्यात शिरला की मूळच्यांचं खाणं आणि जागा दोन्ही जातं.

आता रात्रीच्या ट्रेलबद्दल. हा प्रकार गेल्या काही वर्षांत खूप वाढलाय आणि मला तो आवडतो, मी स्वतः जाते. पावसाळी रात्री टॉर्च घेऊन स्थानिक मुलाबरोबर रानवाटेने हळूहळू चालायचं. बुश फ्रॉगची टिकटिक चारी बाजूंनी चालू असते, जो अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक एवढा आवाज काढतो तो समोर असून दिसत नाही. या बुश फ्रॉगची पिल्लं पाण्यात वाढतच नाहीत, अंड्यातूनच छोटा बेडूक बाहेर येतो, कसलं भारी आहे ना हे! आणि मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं त्याहून वेगळं, मादी पाण्यावर आलेल्या फांदीला पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी, आणि पिल्लं तयार झाली की टपटप खालच्या पाण्यात पडतात.

मग एखाद्या वेळी वाटेकडेला फांदीवर मलबारी चापडा, म्हणजे एक विषारी साप. हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा, अगदी नारिंगीसुद्धा, एकाच जातीत एवढे रंग. शेपटीने फांदीला विळखा, मान आखडून घेतलेली, तोंड खाली, आणि तसाच बसून राहतो, तासन् तास, आज दिसला तिथेच उद्याही दिसू शकतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगी असते, तिने त्याला उष्णता कळते, म्हणजे अंधारात उंदीर जवळून गेला तरी त्याला समजतं. आपण सहा-सात जण त्याच्यापासून हातभर अंतरावर टॉर्च मारत उभे राहिलो की त्याला काय कळत असेल याचा विचार करा.

आणि इथेच माझा राग आहे. मी बघितलंय, फोटोसाठी सापाला काठीने उचलून "चांगल्या" फांदीवर ठेवतात. बेडकाला पकडून ओल्या मशरूमवर बसवतात. मादी फेसाचं घरटं करत असताना चार-चार फ्लॅश मारतात. हे करणारे अडाणी लोक नसतात, लाखभर रुपयांची लेन्स असते, खाली कॅप्शन असते 'सेव्ह वेस्टर्न घाट्स'. जागा धरून बसलेला साप म्हणजे शिकारीला बसलेला साप, त्याला उठवलंत म्हणजे त्याची शिकार मोडलीत. बेडूक कातडीने श्वास घेतो, आपल्या हाताला डासांचं क्रीम, सॅनिटायझर, घाम, सगळं त्याच्या अंगात जातं. साप पकडणं, हाताळणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे हे तर आहेच. माझं म्हणणं एवढंच की फोटो चांगला आला नाही तरी चालेल, जनावर जिथे आहे तिथेच राहिलं पाहिजे, आणि ज्या ग्रुपचा लीडर स्वतः हात घालतो त्या ग्रुपबरोबर परत जाऊ नका, पैसे भरलेले असले तरी तिथल्या तिथे बोला.

अजून एक गोष्ट, जी आपल्याकडे फार कमी लोक बोलतात. कायट्रिड नावाची बुरशी आहे, ती बेडकांच्या कातडीला लागते, जगभरात तिने कितीतरी जाती संपवल्यात. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांमध्येही तिचा संसर्ग असल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ती ओल्या मातीतून, पाण्यातून पसरते, म्हणजे आपल्या बुटांच्या चिखलातूनही. तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बूट घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. एवढंसं काम आहे.

स्थानिक माणूस घ्या असं मी प्रत्येकाला सांगते आणि त्यावर मला ऐकावं लागतं की "वाट तर सरळ आहे, गाइड कशाला?" वाटेसाठी नाही हो. आंबोली, चौकुळ, गेळे ही गावं 'कबुलायतदार गावकर' या जुन्या सामायिक जमीनपद्धतीच्या प्रश्नात कित्येक वर्षं अडकून पडलेली, स्वतःच्या कसत्या जमिनीवर नाव लागावं म्हणून भांडणारी माणसं. त्यांच्या रानातून आपण पैसे देऊन हॉटेलवाल्याला श्रीमंत करणार आणि ज्याला कुठल्या व्हाळात कुठला बेडूक कधी येतो हे ठाऊक आहे तो पोरगा पार्किंगच्या पावत्या फाडणार, हे बरोबर नाही. त्या पोरांना बेडकातून पैसे मिळाले तर सड्यावर गाडी घालणाऱ्याला तीच अडवतील, वरून कुणी येऊन अडवायची गरज नाही. आणि गाइडच्या पैशांत घासाघीस करू नका प्लीज.

कावळेसाद पॉइंटला दरी बघायला जाणार असाल तर बाटल्यांबद्दल वेगळं लिहीत नाही, दरीत बाटली टाकणाऱ्याला माझी पोस्ट वाचून फरक पडणार नाही, तिथे दंडच पाहिजे.

जायचं असेल तर शनिवार-रविवार टाळा, मधल्या वारी जा, दोन रात्री मुक्काम करा, एक रात्र तरी पावसात चाला. सप्टेंबरात गेलात तर सड्यावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, त्यातली सीतेच्या आसवांची इवली निळी-जांभळी फुलं किडे खाणाऱ्या झाडाची आहेत हे मुलांना सांगा, त्यांचे डोळे बघा कसे मोठे होतात. घाटात आणि गावात रात्री गाडी 30 च्या वर नको. आणि या ग्रुपमध्ये आंबोली, गेळे, चौकुळची मंडळी आहेत हे मला माहितीये, तुमच्या पुढच्या ग्रामसभेत जूनपासून सडे गाड्यांना बंद करायचा ठराव मांडता येईल का ते बघा, चर खणून नाहीतर दगड लावून वाट अडवली तरी पुरेल, बोर्डाचा खर्च आम्ही बाहेर राहणारे काढू, मला इनबॉक्स करा.