सोलापूरच्या घराला प्रोबेट कशाला टाकलं?

बाबांच्या मृत्युपत्राच्या प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचा अर्ज, त्याची आज परत तारीख. साक्षीदार काका 78 वर्षांचे, गुडघे गेलेले, त्यांना अक्कलकोटहून एसटीनं आणलं, ह्या उन्हात, साडेदहापासून बाकावर बसवून ठेवलं आणि साडेतीनला आमच्या वकिलांचा ज्युनिअर पोरगा येऊन सांगतो, "ताई, साहेब पंढरपूरला गेलेत, तारीख घेतली." अरे काल रात्री नऊला फोन करून "काकांना आणाच" म्हणणारा कोण होता मग? मृत्युपत्रावरचे दुसरे साक्षीदार मागच्या वर्षी वारले. ह्यांनाही काही झालं तर बाबांनी साक्षीदारांसमोर सही केली हे कोर्टात सांगणार कोण?

पण आग लागली ती पुढं. शेजारी बसलेल्या एका वकीलबाईंनी फाइल चाळली आणि विचारलं, "सोलापूरच्या घराला प्रोबेट कशाला टाकलं?" म्हटलं, म्हणजे? तर मृत्युपत्र सोलापुरात केलेलं, घर सोलापुरातलं, सक्ती होती ती मुंबईसारख्या ठिकाणी आणि मुंबईत आमचं काहीच नाही, मग प्रोबेट सक्तीचं नव्हतंच की ओ! वीस महिने!! चाळीस हजार रुपये!! "प्रोबेटशिवाय पान हलत नाही" असं छातीठोक सांगून घेतले होते ते, पावती आजपर्यंत नाही, वर दर तारखेला पाचशे वेगळे. आणि त्या अर्जाची नोटीस पेपरात आली तेव्हाच तोवर गप्प बसलेल्या भावानं हरकत घेतली, साध्या अर्जाचा दावा झाला. बाबांनी घर आईच्या नावावर लिहिलंय एवढीच गोष्ट, त्यासाठी आईला स्वतःच्या पोराविरुद्ध उभं राहावं लागतंय.

एक माणूस सरळ बोलत नाही. बाबांनी साध्या कागदावर लिहिलं तर नातेवाईक म्हणे स्टॅम्प नाही, रजिस्टर नाही, चालणार नाही. दोन्ही लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, हे मला स्वतः शोधावं लागलं. बँकेत आई नॉमिनी, तरी सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र, आणा. घराची नोंद बदलायला सिटी सर्व्हे ऑफिसला गेलं तर वारस दाखला आणा. प्रत्येक टेबलाचा कागद वेगळा आणि प्रत्येक वेळी मृत्यूच्या दाखल्याची नवी झेरॉक्स, बाबा गेले हे मी किती वेळा सिद्ध करायचं? आणि ते "ताई, समजून घ्या" म्हणणं तर डोक्यात जातं माझ्या. काय समजून घेऊ? वर मामा सांगतात, तू मुलगी, हक्कसोड करून मोकळी हो, भांडण मिटेल. का करू? मला घर नकोय, मला आईच्या डोक्यावरचं छप्पर पाहिजे, आणि हक्क मी सोडला तर तिच्या बाजूनं उभं कोण राहणार?

निघताना त्या बाईच म्हणाल्या, बाईमाणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. 1987 चा कायदा आहे तो. वीस महिन्यांत हे सुद्धा कुणी आईला सांगितलं नाही.

सोमवारी साडेदहाला जाणार आहे आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात. आधी फाइल परत घेणार, मग चाळीस हजारांची पावती मागणार, आणि साहेब पंढरपूरला असले तर दारातच बसणार.