तिसऱ्या सिलिंडरचा असहकार

चार सिलिंडरच्या इंजिनातला एक सिलिंडर काम करेनासा झाला तरी गाडी बंद पडत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच होते. बंद पडली असती तर तिला ओढून गॅरेजमध्ये टाकता आले असते आणि आपण सहानुभूतीला पात्र ठरलो असतो. पण ती चालते, चढावर गचके मारते, उभी असताना आरसा असा थरथरवते की मागच्या एका वाहनाची दोन दिसू लागतात, आणि शेजारी बसलेला माणूस आपल्याच गाडी चालवण्याविषयी शंका घेऊ लागतो.

गॅरेजमधल्या तंत्रज्ञाने बॉनेट न उघडता, केवळ आवाज ऐकून, ठिणगी पाडणारे सगळे प्लग, त्यांना वीज पुरवणाऱ्या सगळ्या कॉइल आणि जमल्यास पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही बदलून टाकू असे सुचवले. ज्या तीन सिलिंडरांनी आजवर निष्ठेने काम केले त्यांना चौथ्याच्या अपराधाची शिक्षा देणे मला न्यायाला धरून वाटले नाही. काम स्वतः करण्याचा निश्चय मी तिथेच केला. यात काटकसरीचा भाग होता हे खरे असले, तरी मी घरी फक्त न्यायाचा मुद्दा मांडला.

डॅशबोर्डखालच्या खोबणीत, गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारा स्कॅनर जोडला आणि पडद्यावर ‘पी०३०३’ असा संकेतांक उमटला. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो; ‘पी०३००’ आले असते तर दोष अमुक एकाच सिलिंडरवर ढकलता आला नसता. गाडीतला संगणक हे ज्या रीतीने ओळखतो ती रीत मला फार आवडते. प्रत्येक ठिणगीनंतर क्रँकशाफ्टचा, म्हणजे सिलिंडरांच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, वेग किंचित वाढायला हवा. ज्याच्या पाळीला तो वाढत नाही, तो सिलिंडर कामचुकार. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर गाडी नुसती उभी असली तरी एकेकाची पाळी ४०० वेळा येते, आणि तेवढ्या वेळा हजेरी घेणारा पर्यवेक्षक माणसांच्या कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही. मात्र हा संकेतांक परीक्षेच्या निकालपत्रासारखा असतो : कोणता विषय राहिला ते सांगतो, का राहिला ते सांगत नाही. ठिणगी पडत नसेल, पेट्रोल येत नसेल, कुठून तरी जादा हवा शिरत असेल किंवा दाबच कमी भरत असेल. सगळ्यांना निकाल तोच. पत्नीने तो पाहून, चारपैकी तीन म्हणजे पंचाहत्तर टक्के झाले, त्यात एवढे काय, असे विचारले. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला की न जळलेले पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग तापून निकामी होऊ शकतो, हे मी तिला सविस्तर समजावले. त्यानंतर गाडी जागची हलवण्यास घरात कोणीच तयार होईना.

आता तिसरा सिलिंडर शोधायचा होता, पण इंजिनावर क्रमांक लिहिलेले नसतात. बहुतेक कंपन्या इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणाऱ्या टायमिंग चेनच्या किंवा पट्ट्याच्या बाजूने मोजतात, तर काही जण गिअरबॉक्सकडून मोजणी सुरू करतात. आणि चारांत एका टोकाकडून तिसरा असलेला दुसऱ्या टोकाकडून दुसरा ठरतो. माहितीपुस्तिकेत हे होते. त्याआधी गाणी कशी लावावीत यावर पुष्कळ पाने खर्ची घातली होती, एवढेच.

इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे लागते, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातून, प्लग काढताना आटे उखडण्याची भीती असते. मी थांबलो. मग कॉइलच्या जोडणीची प्लास्टिकची खिट्टी, जी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते, ती बोटाने दाबून सुटत नाही आणि स्क्रू-ड्रायव्हरने दाबली की तुटते, तिची आर्जवे करण्यात बराच वेळ गेला. या कामाला सर्वात जास्त लागणारे हत्यार म्हणजे संयम, आणि तो हत्यारांच्या पेटीत येत नाही.

तपासणीची युक्ती मात्र सुंदर आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर बसवायची, पहिल्याची तिसऱ्यावर, जुना संकेतांक पुसायचा आणि वाट पाहायची. दोष पहिल्याकडे सरकला तर कॉइल दोषी. तिसऱ्याकडेच राहिला तर पुढचा संशयित प्लग. खर्च शून्य आणि तर्क निर्दोष. अडचण एवढीच की आपण कान देऊन उभे राहिलो की इंजिन अत्यंत सभ्यपणे चालू लागते. माझे इंजिनही बराच वेळ तसे चालले, आणि मी आत जाण्यासाठी वळताच लंगडू लागले. स्कॅनरवर ‘पी०३०१’ आले. आपल्या गाडीचा धडधाकट सिलिंडर आजारी पडल्याचा एवढा आनंद झालेला मनुष्य शेजाऱ्यांनी पूर्वी पाहिलेला नसावा.

नवी कॉइल आली. उघडलेच आहे तर पाहावे म्हणून तिसऱ्याचा प्लगही रबरी पकडीच्या गोटी पान्याने काढला. टोक फिकट तपकिरी, म्हणजे प्रकृती उत्तम. तो परत लावताना आधी हातानेच फिरवावा लागतो, कारण आटा वाकडा चढला तर वाचवलेले सारे पैसे व्याजासह परत जातात. अखेरचा ताण टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून ताण देणाऱ्या पान्याने, दिला आणि किल्ली फिरवली. आरसा स्थिर राहिला, मागचे वाहन पुन्हा एकच दिसू लागले, आणि घरच्यांनी काम झाले का असे विचारले तेव्हा मी झाले म्हणून सांगितले.

जुनी कॉइल पुसताना तिची रबरी नळी तेलात भिजून मऊ पडलेली दिसली होती. प्लगच्या विहिरीत तेल उतरते ते बहुधा व्हॉल्व्ह कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, गॅसकेटमधून (तेल अडवणाऱ्या पट्टीतून), आणि त्या तेलाने रबर बिघडले की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच निसटते. म्हणजे कॉइल गुन्हेगार नव्हती, बळी होती. गॅसकेटचा विषय मी अजून घरात काढलेला नाही.