ग्राउंड सगळ्यांना सारखंच आहे हो, पण तिथपर्यंतचा रस्ता?

परवा पोलीस भरतीच्या एका पोस्टखाली एकाने लिहिलं होतं, "पोरांना 1600 मीटर आणि पोरींना 800, वरून 30 टक्के जागा, आणि म्हणे समानता." खाली लाईकचा नुसता पाऊस. कमेंटमध्ये भांडून कुणाचं मत बदललेलं मी तरी बघितलेलं नाही, म्हणून तिथं गप्प बसलो आणि इथं सविस्तर लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी हिशोब. शिपाई भरतीत मैदानी चाचणी, म्हणजेच ग्राउंड, 50 मार्कांची आणि लेखी 100 ची. पोराने 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात मारलं की 20 पैकी 20, पोरीने 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदात मारलं की 20. आता 2:50 मध्ये 800 म्हणजे काय खायचं काम नाही, कमेंट टाकणाऱ्याने एकदा मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पळून बघावं, शेवटचे दोनशे मीटर आई आठवते. आणि त्या 30 टक्क्यांतल्या जागांसाठी पोरींची स्पर्धा पोरींशीच असते, तुमच्या 1600 चा एक मार्क त्यांच्या 800 मुळे कमी होत नाही. मग पोटात दुखतंय कशाला?

आणि ही मापं काय देवाने दिलेली नाहीत. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पोरांना भर उन्हात 5 किलोमीटर पळवलं, त्यात पोरं गेली, मगच अंतर कमी झालं. पोरांना 7 किलो 260 ग्रॅमचा गोळा अजून आहेच. मी वकील माणूस, पोलीस ठाण्यात येणं-जाणं रोजचं, पण गोळा फेकून आरोपी पाडल्याचा पंचनामा अजून माझ्या वाचनात आलेला नाही. फिटनेस बघायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही, पण माप कामाशी जुळतंय का हे विचारलं की लगेच "दर्जा घसरला" म्हणून ओरडायचं कारण नाही.

खरा घोळ ग्राउंडच्या आधीचा आहे. आमच्या गावाबाहेरच्या बायपासला पहाटे पाचला जाऊन बघा. पोरं पंधरा-वीसच्या घोळक्याने पळतात. पोरी तीन-चार, आणि त्यांच्या मागे कुणाचा तरी भाऊ नाहीतर बाप मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून हेडलाईटचा उजेड पाडत चाललेला असतो, कारण रस्त्याला दिवे नाहीत आणि ट्रकवाल्यांचा भरोसा नाही. गाडीच्या मीटरवर 800 मीटर मोजून चुन्याची रेघ मारलेली आहे, पावसाने ती पुसली की परत मोजायचं. आता ज्या पोरीचा बाप त्याच टायमाला दूध घालायला जातो आणि भाऊ पुण्यात कंपनीत आहे, तिने काय करायचं? ती पळतच नाही. तिचा फॉर्मच येत नाही. आणि मग आपण म्हणायचं, पोरींना आवडच नाही.

अकॅडमीचं तसंच. राहणं, मेस, अंडी, बूट, टेस्ट सिरीज धरून महिन्याला जो खर्च येतो तो ऊसतोडीला जाणाऱ्या घराला झेपत नाही. दिवाळीनंतर ते घरच गावात नसतं, पोरगं बरोबर फडात, सराव कुठं करणार? बार्टी (अनुसूचित जातींसाठीची सरकारी संस्था), महाज्योती (ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठीची), अल्पसंख्याक विभाग यांची भरतीपूर्व प्रशिक्षणं आहेत, चांगली आहेत, पण ज्या वस्तीवर ती पोहोचायला पाहिजेत तिथं माहितीच जाते फॉर्मची तारीख उलटल्यावर. म्हणून मी म्हणतो, भरती जाहीर व्हायच्या आधीच अर्धी भरती उरकलेली असते.

"पण पोलीस कुठल्या घरातला याने काय फरक पडतो, काम केलं म्हणजे झालं." फरक पडतो. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, 1952 ला तो शिक्का कागदावरून गेला, पण चोरी झाली की जीप अजूनही आधी पारधी वस्तीवरच जाते. त्या वस्तीवरची बाई तक्रार द्यायला ठाण्यात आली तर आत येत नाही, बाहेर लिंबाखाली बसून राहते. एकदा तिथल्या एका नव्या शिपाई पोरीने तसल्याच एका बाईला त्यांच्या बोलीत हाक मारली. म्हातारी दचकलीच! मग आत आली, खुर्चीवर बसली, दीड तास बोलली, आणि मला वकील म्हणून करण्यासारखं फारसं काही उरलंच नाही. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियाचा पेपर ठेवला तो काय लाड म्हणून नाही, ज्याला भाषाच कळत नाही त्याला गावात कोण काय सांगणार. मुस्लिमांबद्दल राज्य सरकारनेच नेमलेल्या महमूदुर रहमान समितीने 2013 लाच सांगून ठेवलंय की पोलीस दलातला त्यांचा वाटा लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी आहे. दंगल झाली की शांतता समितीच्या मीटिंगला मोहल्ल्यातले लोक लागतात, भरतीच्या वेळी मात्र ते कुणाला आठवत नाहीत.

तृतीयपंथीयांचं तर विचारूच नका. फॉर्मवर तिसरा पर्याय द्या असं मॅटने, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने, नोव्हेंबर 2022 ला सांगितलं, तर सरकार हायकोर्टात गेलं की हे फार अवघड आहे. एक रकाना वाढवणं अवघड! डिसेंबरमध्ये हायकोर्टाने कान धरल्यावर झालं. तोवर तामिळनाडूत प्रितिका याशिनी 2017 लाच सब-इन्स्पेक्टर झाली होती आणि छत्तीसगडने 2021 ला एकदम 13 जण शिपाई म्हणून घेतले होते.

आणि घेतल्यावर पुढं काय, तेही बघा. 2024 ला रश्मी शुक्लांच्या रूपाने राज्याला पहिल्या महिला पोलीस महासंचालक मिळाल्या, आनंदच आहे, पण गणपतीच्या बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपाई बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. 2021 मध्ये महिला अंमलदारांना 12 ऐवजी 8 तास ड्युटीचा आदेश निघाला तेव्हा काही पुरुष सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. अरे बाबांनो, तुम्हीही 8 तासच मागा ना, त्यांचे कशाला वाढवताय!

बाकी राज्याचं राज्य बघेल. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलात 400 मीटरचा ट्रॅक आहे, चार लाईटचे खांब आहेत, आणि गेट उघडतं सकाळी आठला, कारण चावी ज्याच्याकडे असते तो आठला येतो. पहाटे पाचला गेट उघडा, दिवे लावा, बायकांच्या संडासचं कुलूप काढा आणि आठवड्यातून तीन दिवस एक महिला कोच द्या, एवढंच निवेदन तयार केलंय. सोमवारी अकरा वाजता तहसीलला देतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या, ज्यांनी त्या कमेंटला लाईक केलंय त्यांनीही या, ट्रॅक तुम्हालाही लागणारच आहे. पोरींच्या सह्या झाल्यात, आता बापांच्या आणि भावांच्या पाहिजेत.