मान्यताप्राप्त तज्ज्ञ स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्यांस मार्गदर्शन

आपणांस संगणकाची थोडीफार माहिती असेल आणि शाल पांघरून छायाचित्रात उभे राहण्याची इच्छा त्याहून बरीच अधिक असेल, तर सांगलीइतके सोयीचे शहर आपणांस शोधूनही सापडणार नाही. विश्रामबागेत रविवारी जमणारा तंत्रप्रेमींचा समूह येथे आहे, फलक लावण्यासाठी चौक आहेत आणि कोणाच्याही सत्काराला मोकळ्या मनाने टाळ्या वाजवणारा समाज तर पिढ्यान्‌पिढ्या आहेच. नुकतीच या समूहातील एका गृहस्थांना एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने ‘तज्ज्ञ स्वयंसेवक’, म्हणजे लोकांच्या संगणकाच्या अडचणींना फुकट उत्तरे देणारा जाणकार, म्हणून मान्यता दिली. मान्यता मिळण्याच्या थोडेच आधी त्यांच्या ज्ञानाचा लाभ मला झालेला असल्यामुळे पुढील मार्गदर्शन ऐकीव नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

पहिली गोष्ट म्हणजे उत्तरांची संख्या वाढवावी. उत्तर बरोबर असण्याला महत्त्व आहे असा एक भाबडा समज आपल्याकडे आहे, परंतु या सन्मानांचा इतिहास वेगळेच सांगतो. मायक्रोसॉफ्टचा ‘एमव्हीपी’ (मोस्ट व्हॅल्युएबल प्रोफेशनल) हा या प्रकारातला सर्वांत नावाजलेला सन्मान १९९३ साली सुरू झाला. त्याची मूळकथा अशी सांगतात की, कॉम्प्युसर्व्ह या तेव्हाच्या ऑनलाइन चर्चासेवेवर फॉक्सप्रोविषयी सर्वाधिक संदेश कोण लिहितो, याची एक यादी एका प्रोग्रॅमरने तयार केली आणि त्या यादीतून पुढे हा मान उगवला. (फॉक्सप्रो म्हणजे नोंदी साठवून त्यांवर काम करण्याची जुनी संगणकप्रणाली, हे आपल्याकडच्या पतसंस्थांत आणि साखर कारखान्यांत ज्यांनी हिशेब ठेवले त्यांना सांगायला नको.) ती यादी करणाऱ्याला संदेश मोजण्यापलीकडे काही सुचवायचे नव्हते, असे मानायला जागा आहे, आपण मात्र तिचा सोयीचा अर्थ घ्यावा. हा सन्मान एका वर्षापुरता असतो आणि आधीच्या वर्षाचे काम पाहून पुन्हा दिला जातो किंवा काढून घेतला जातो. म्हणून वर्ष संपत आले की उत्तरांचा वेग वाढवावा.

‘हे मला येत नाही’ असे कधीही लिहू नये. त्याला गुण मिळत नाहीत.

घरातल्या मंडळींच्या मोबाइलची दुरुस्ती शक्यतो टाळावी, कारण तिची कोठेही नोंद होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना: प्रश्न वाचू नये. वाचला तर उत्तराला उशीर होतो आणि तेवढ्यात दुसरा कोणी गुण घेऊन जातो. उदाहरणच द्यायचे तर माझेच घ्यावे. पलूस तालुक्यातील एका वाचनालयाची ग्रंथसूची माझ्या डीटीपी केंद्रात आली होती. हजारो पुस्तकांची ती सूची पूर्वी कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली होती आणि वाचनालयाला आता ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षर म्हणून ओळखता येईल अशा प्रमाण पद्धतीत, हवी होती, जेणेकरून वाचकाने लेखकाचे नाव लिहिले की पुस्तक सापडेल. या धंद्यातल्या माणसाला यातली गोम ठाऊक आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे नुसते आकार बसवलेले असत आणि आपण ते दिसतील त्या क्रमाने टंकत असू. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराआधी दिसते म्हणून ती आधी टंकायची, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून तो नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे आकाराला आकार बदलत गेले की ‘कविता’ची ‘किवता’ होते आणि ‘धर्मशास्त्र’ लिहावे तर रफार पुढच्या ‘शा’च्या डोक्यावर जाऊन बसतो. त्यात प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, जोडाक्षरांचे तुकडे निराळे, आणि ‘दऱ्या’मधल्या त्या अर्ध्या ‘र’चे हाल तर विचारूच नयेत.

हे सर्व मी फॉन्टचे नाव, त्याची आवृत्ती आणि बिघडलेल्या शब्दांचा नमुना जोडून त्या समूहाला विचारले. समोरचा चहा निवण्याच्या आत त्याच तज्ज्ञ गृहस्थांचे उत्तर आले. ते असे की, फॉन्ट पुन्हा इन्स्टॉल करावा, ब्राउझरची कॅशे (साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करावी, संगणक बंद करून चालू करावा, आणि उपयोग झाल्यास आभार मानावेत. माझ्या प्रश्नात ब्राउझरचा दूरान्वयेही संबंध नव्हता. फॉन्ट माझ्याकडे होताच. किंबहुना तो होता हीच तर अडचण होती. तसे मी अदबीने कळवले, तेव्हा ‘आपण प्रश्न नीट मांडलेला नाही’ असे उत्तर आले आणि त्यापाठोपाठ समूहाच्या नोंदवहीत माझ्या प्रश्नापुढे ‘सुटले’ अशी खूणही झाली. ती खूण ज्याची अडचण आहे त्याने करायची की ज्याने उत्तर दिले त्याने, असा प्रश्न मी विचारला. त्यावर, तो नवा विषय असल्यामुळे स्वतंत्रपणे विचारावा, असे मला सांगण्यात आले. रुग्ण खाटेवर कण्हत असताना डॉक्टरने स्वतःच्याच हाताने ‘बरा झाला’ असे लिहून फी लावावी, आणि त्या फीच्या पावत्या मोजून त्याला उत्कृष्ट वैद्य ठरवावे, तसा हा कारभार आहे.

यानंतरची पायरी सत्काराची. सन्मान कंपनीने दिला असला तरी तो गावाला कळला पाहिजे, म्हणून समिती नेमावी आणि वर्गणी काढावी. माझ्याकडेही समिती आली. वर्गणी तर मागितलीच, शिवाय सन्मानपत्र मीच जुळवून द्यावे, आणि हे समाजकार्य असल्यामुळे मोबदल्याची अपेक्षा ठेवू नये, अशी विनंती केली. मजकुरात ‘मराठी संगणनाच्या क्षेत्रातील अवघड प्रश्नांची लीलया उकल करणारे’ अशी एक ओळ होती. ती टंकताना माझ्या बोटांना काय वाटले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. आणि अक्षर जरा भरीव दिसावे म्हणून ते सन्मानपत्र जुन्याच फॉन्टमध्ये करावे, असा समितीचा आग्रह होता!

मोफत कामाची चटक केवळ आपल्या समित्यांनाच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी १९९९ साली न्यायालयात धाव घेतली. आम्ही करतो ते नोकराचेच काम आहे, तेव्हा आम्हांला किमान वेतन द्या, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पुढे २०१० मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर मोजून ते प्रकरण मिटवले. आपण अर्थातच असले काही मनात आणू नये. कंपनीच्या मदतकक्षात पगारी माणसाने जे उत्तर द्यायचे, ते आपण रात्री जागून फुकट द्यावे आणि बदल्यात आलेल्या प्रमाणपत्राला काच लावून घ्यावी.

माझी सूची अखेर मार्गी लागली, तिची हकीकत मात्र मार्गदर्शनात बसणारी नाही. मिरजेच्या एका छापखान्यात काम करणाऱ्या मुलीने ती केली. मी अडचण सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, ‘काका, या सूचीची जुनी छापील प्रत आहे का कोणाकडे?’ प्रत मिळाली. छापखाना बंद झाल्यावर ती प्रत शेजारी ठेवून तिने त्या फॉन्टमधल्या एकेका जोडाक्षराचा तक्ता केला, वेलांट्या आणि रफार जागेवर आणणारी छोटी आज्ञावली लिहिली, आणि ज्या नोंदींची तिला खात्री वाटेना त्या लाल करून माझ्याकडे परत पाठवल्या. त्या लाल नोंदींपुढे तिने लिहिले होते, ‘हे मला कळले नाही, वाचनालयात विचारा.’ या मुलीला शून्य गुण आहेत, कारण हे सगळे समोरासमोर झाले आणि समूहाच्या नोंदवहीत त्याची एक ओळही नाही.

आता मार्गदर्शन पुरे झाले. मला या गृहस्थांचा राग नाही असे मी म्हणणार नाही, कारण तो आहे. तुम्हांला एखादी गोष्ट येत नसेल तर गप्प बसा. तुमच्या त्या चार ओळींमुळे प्रश्न सुटला असे दिसते आणि ज्याला खरोखर येते तो तिकडे फिरकतही नाही. एवढे साधे कळत नसेल, तर तुम्हांला तज्ज्ञ कोणी आणि का म्हणावे? आणि समितीतल्या मान्यवरांनो, तुम्ही त्यांच्या उत्तरांचा आकडा फलकावर छापलात, पण ज्यांचे काम झाले असे तुम्ही समजता, त्यांच्यापैकी एकाला तरी फोन करून विचारलेत का? मला विचारले असते तर मी सांगितले असते. तुम्ही आलात ते पावतीपुस्तक घेऊन. टाळ्या वाजवायला गेलेल्यांत माझे ओळखीचे निम्मे लोक होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्याच तज्ज्ञांच्या उत्तरांना माझ्यासमोर शिव्या घातलेल्या आहेत. समोर बोलायची हिंमत नव्हती, तर निदान घरी तरी बसायचे होते.

समूहाच्या नोंदवहीत माझ्या प्रश्नापुढची ‘सुटले’ ही खूण अजून तशीच आहे. ती काढा आणि मिरजेला जाऊन त्या मुलीला विचारा की, तिचा तक्ता इतर वाचनालयांना देता येईल का. शाल नेऊ नका. तिच्या कामाचे पैसे किती होतात, ते विचारा आणि देऊन या.