एल्डरच्या लाकडाचं धनुष्य होतं, आणि चांगलं होतं

हाताने धनुष्य घडवणाऱ्या मंडळींत एक मजकूर सारखा फिरतो आहे. म्हणणं असं: एल्डर, म्हणजे एल्डरबेरीचं झाड, आतून पोकळ, लाकूड मऊ, त्याचं धनुष्य पहिल्याच ओढीला मोडतं. वर झाड विषारी. तेव्हा धनुष्य करायचं तर यू या झाडाच्या लाकडाचंच. युरोप-अमेरिकेतली आपली हौशी मंडळीही हे पुढे पाठवतात आणि कुंपणाला उगवलेलं चांगलं लाकूड तोडून फेकून देतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पोकळपणाचं आधी. एल्डरच्या कोवळ्या फुटीत भेंड, म्हणजे मधला मऊ गाभा, भरपूर असतं, हे खरंच. पण खोड जाडावतं तसं भेंड जाडावत नाही. दरवर्षी बाहेरून लाकडाचा नवा थर चढतो. मनगटाहून जाड बुंधा आडवा कापून बघा: मधोमध भेंडाचा बारीकसा ठिपका, भोवती पिवळसर पांढरं, घट्ट लाकूड. बुंधा उभा चिरला की ते भेंड धनुष्याच्या पोटाकडे, म्हणजे ओढणाऱ्याकडच्या बाजूला, येतं आणि तासताना छिलक्यांत निघून जातं. आणि पोकळ म्हणजे निकामी असं असतं, तर भिल्लांनी पिढ्यान् पिढ्या बांबूची धनुष्यं कशी वापरली असती?

मऊ म्हणावं, तर जुन्या एल्डरच्या लाकडापासून युरोपात कंगवे आणि चपलांच्या तळव्यात ठोकायच्या खुंट्या बनत. समजा यूपेक्षा ते थोडं कमी ताठ निघालं, तर धनुष्य रुंद ठेवायचं. रुंदी दुप्पट केली की ताठरपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली की आठपट. म्हणून हलक्या लाकडाचं धनुष्य रुंद आणि पातळ करतात, जाड नाही. यूच्या मापाने अरुंद, जाड धनुष्य तासलं आणि ते मोडलं, तर दोष लाकडाचा नाही.

मोडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा सुकवण्यात असतं. एल्डर वाळताना बरंच आकसतं आणि टोकांपासून तडकत आत जातं. कापल्या दिवशीच दोन्ही टोकांना लाकडाचा गोंद किंवा रंग जाडसर फासावा, बुंधा उभा चिरावा आणि सावलीत, वारा लागेल असा ठेवावा. उन्हात टाकलात तर गेलाच. साल काढल्यावर खाली जो गुळगुळीत थर दिसतो तीच धनुष्याची पाठ, म्हणजे ओढणाऱ्यापासून लांबची बाजू. तिच्यावर रंधा चालवायचा नाही, कारण ताण सगळा तिथे येतो आणि कापला गेलेला तंतू तिथूनच उचकटतो. या झाडाच्या फांद्या समोरासमोर फुटतात, त्यामुळे गाठीही जोडीने येतात. प्रत्येक गाठीभोवती थोडं लाकूड जास्त सोडावं. एवढं सांभाळलेलं एल्डर मी उगाच मोडताना पाहिलेलं नाही.

विषाबद्दल. पानं, साल, कच्ची फळं यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ते नाकारायचं कारण नाही. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात पानं-फांद्यांसकट चिरडलेल्या फळांचा रस पिऊन लोक आजारी पडले होते. पण ते प्यायल्याने! सोललेलं, वाळलेलं लाकूड तासणं ही वेगळी गोष्ट. धूळ नाकात जाऊ नये म्हणून कापड बांधा, ते कुठल्याही लाकडाला बांधायचंच. आणि हा मजकूर ज्या यूची भलामण करतो, ते तर फळाचा लाल गर सोडला तर सगळंच विषारी आहे.

राहिला 'यूच' हा हट्ट. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रजी लढाऊ जहाजातली धनुष्यं यूची होती, मान्य. पण डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डची, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्यं एल्म या झाडाची आहेत. आणि दक्षिण कॅलिफोर्नियातले मूळनिवासी लुइसेन्यो लोक? फिलिप स्पार्कमन यांच्या १९०८ साली छापलेल्या नोंदींत त्यांच्या धनुष्यांची लाकडं दिली आहेत, त्यांत विलो आणि अ‍ॅशच्या सोबत एल्डर आहेच.

फक्त बुटक्या एल्डरच्या वाटेला जाऊ नका. त्याचा दांडा दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतो, त्यात लाकूड धरतच नाही.