रिसायकल बिन रिकामी केली, तरी फाइल डिस्कवरच असते

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. जुना कॉम्प्युटर तपकीर गल्लीत विकायला नेताय? फाइली डिलीट करा, रिसायकल बिन रिकामी करा, फार तर फॉरमॅट मारा. नाव, तारीख, सगळं फाइलच्या आतच असतं, त्यामुळे ती गेली की सगळं गेलं. शिवाय प्रॉपर्टीजमधली ‘क्रिएटेड’ तारीख म्हणजे पक्का पुरावा. यावर विसंबून लोक पॅन-आधारच्या स्कॅनसकट डिस्क परक्याच्या हाती देतात, म्हणून एकेक दावा तपासू.

आधी ‘सगळं फाइलच्या आतच’. फोटोत कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती आत असते, ती वेगळी. फाइल सिस्टिमची, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, नोंद बाहेर असते. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला आयनोड नावाची एक नोंद असते, सहसा २५६ बाइटची. त्यात मालक, परवानग्या, आकार, वेळा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे त्याचा पत्ता. नाव तिथेही नसतं. ते फोल्डरमध्ये असतं आणि त्याच्या जोडीला आयनोडचा क्रमांक. म्हणून तर भल्या मोठ्या व्हिडिओचं नाव क्षणात बदलतं आणि एकाच फाइलला दोन नावंही देता येतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये हेच काम मास्टर फाइल टेबल करतं. तिथे एक नोंद साधारण १०२४ बाइटची. काही शे बाइटांची चिमुकली फाइल असेल तर तिचा मजकूरही या नोंदीतच बसतो, म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट.

आता डिलीट, आणि खरा धोका इथेच आहे. फॅट३२ ही फाइल सिस्टिम असलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरमधली नोंद ३२ बाइटची असते. डिलीट केलं की तिच्या पहिल्या बाइटमध्ये ई५ हा हेक्स (सोळाच्या पायाचा) आकडा लिहिला जातो आणि फाइलने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदवली जाते. बस, एवढंच. बाकीचं नाव, आकार, मजकूर सगळं जागच्या जागी. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी छोट्या नावाची फाइल पहिलं अक्षर गायब होऊन दिसते, ते यामुळेच. एनटीएफएसमध्ये नोंदीवरची ‘वापरात आहे’ ही खूण तेवढी काढतात. ईएक्सटी४ आयनोडमधला पत्ताही पुसतं, त्यामुळे शोधणं अवघड होतं, पण मजकूर तिथेही लगेच पुसला जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातला ऊस काही नाहीसा होत नाही. हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं वाचता येतं.

फॉरमॅटचंही तेच. क्विक फॉरमॅट नव्या, रिकाम्या नोंदवह्या मांडतो, मजकुराला हात लावत नाही. हार्ड डिस्क असेल तर ‘क्विक’ची खूण काढून फॉरमॅट करा, विंडोज व्हिस्टापासून त्यात संपूर्ण विभागावर शून्यं लिहिली जातात. वेळ लागतो, लागू द्या. एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कला, मात्र कंपनीने दिलेला सिक्युअर इरेजचा, म्हणजे सगळं पुसून टाकण्याचा, पर्याय वापरावा.

राहिली तारीख. विंडोजमध्ये फाइल कॉपी करून बघा: ‘क्रिएटेड’ आजची, ‘मॉडिफाइड’ जुनीच, म्हणजे फाइल बनण्याआधीच बदलली! लिनक्सवर सीटाइम नावाच्या नोंदीला लोक निर्मितीची वेळ समजतात, पण ती आयनोड शेवटचा बदलल्याची वेळ. नुसती परवानगी बदलली तरी ती पुढे सरकते. मॉडिफाइडची वेळ तर ‘टच’ या आज्ञेने हवी ती घालता येते. भाडेकराराचा मसुदा अमुक दिवशी तयार होता हे दाखवायचं असेल, तर त्या दिवशी समोरच्याला ईमेलने पाठवलेली प्रत जपून ठेवा.