मीटर नको, तेल बघा

जुना ट्रॅक्टर घेताना काय बघावं यावरचा एक लेख वाचला. तासांचा मीटर, म्हणजे इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा, बघा, असं त्यात म्हटलंय. आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात मीटर बहुतेक बंदच असतो, आणि चालू असला तरी मधे केबल कधी काढली होती ते कोण सांगणार? त्यापेक्षा ट्रॅक्टर कुठं राबला ते विचारा. उसाच्या ट्रॉल्या ओढलेला असेल तर क्लच आणि ब्रेक आधी बघा. भाताच्या चिखलणीतला असेल तर मागच्या हौसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सल-गिअरच्या पेटीचं, तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं की समजा, सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. मी हे न बघताच एक घेतला होता. पहिल्याच चिखलणीनंतर हौसिंग उघडायला लागलं, बेअरिंगं गंजलेली!

आणि हो, मालकाला आधीच इंजिन गरम करून ठेवू देऊ नका. सकाळी थंड असताना स्वतः सेल्फ मारा, मग इंजिन तेलाचं झाकण काढून धूर किती फेकतोय ते बघा.

कागदांबद्दल लेखात काहीच नाही. स्वस्त मिळाला म्हणून चंदगडहून एमएच ०९ चा, म्हणजे कोल्हापूर पासिंगचा, आणाल, पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), म्हणजे फॉर्म २८, असल्याशिवाय इकडं केए २२ ला, म्हणजे बेळगाव आरटीओत, नावावर होत नाही. आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या, पैसे नंतर.